जरा सिरीयस

आमच्या भागात माणूस मेल्यावर काही तास सिरीयस असतो. म्हणजे घरात रडारड सुरू झालेली असते, दारात माणसं जमू लागलेली असतात, कुणीतरी बांबू आणायला गेलेलं असतं, आणि त्याच वेळी मुंबईच्या लेकीला फोन जातो, की आईला जरा सिरीयस झालंय, निघ तू. लेक निघते. वाटेत तीनदा फोन करते आणि तिन्ही वेळा आई 'तशीच' असते. मेल्याचं फोनवर सांगू नये, वाटेतल्या माणसाला तर नाहीच नाही, हा सातारा-सांगलीकडचा रिवाज आहे. शिकलेले असोत नाहीतर अडाणी, सगळ्यांच्या हाडात तो मुरलेला आहे.

मला त्याची चीड आहे. सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी अकरा वर्षं नर्स आहे, आणि 'जरा सिरीयस' हे दोन शब्द मी नातेवाइकांना एकदाही ऐकवलेले नाहीत. गेला तर गेला म्हणते, जाणार असेल तर जाणार म्हणते. माझ्याबरोबरची साक्षी म्हणते, क्रांतीताईंच्या जिभेला हाड नाही. नसेल. पण माझ्या जिभेनं कुणाला फसवलेलं नाही, असं मी तिला ऐकवायची, आणि मला त्याचा गर्व होता हेही खरं.

मरणाशी प्रत्येकीची आपापली रीत असते. साक्षी सगळं उरकून बाथरूममध्ये जाते, रडते आणि पावडर लावून बाहेर येते. आमच्या इनचार्ज प्राची उपाध्ये सिस्टर सत्तावीस वर्षं याच कामात आहेत. त्या एक शब्द बोलत नाहीत, डोळे मिटवतात, चादर सारखी करतात आणि कागद भरायला बसतात. मी मात्र कुणी जायला लागलं की सैरभैर होते. हात स्वस्थ बसत नाहीत. सलाईन चांगलं चाललेलं असतं तरी ते हलवते, कूस बदलते, धुतलेली चादर पुन्हा बदलते. एकदा प्राची सिस्टर म्हणाल्या होत्या, "क्रांती, त्याला निवांत जाऊ दे. तू आता त्याचं अंथरूण ओढू नको." वॉर्डात दिवसभर हशा झाला होता.

त्या वेळचे माझे पेशंट नानासो, विट्याजवळच्या गावचे. तिकडच्या बऱ्याच घरांसारखं त्यांचंही सोनं गाळायचं दुकान, कर्नाटकात दावणगिरीला. आयुष्य त्या भट्टीपुढं काढलं आणि गुडघे गेल्यावर दुकान मुलाच्या, राजवर्धनच्या हाती देऊन गावाकडं आले. आमच्याकडं आणलं तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. लिव्हरचा कॅन्सर, तोही शेवटचा टप्पा. डॉक्टरांनी त्यांच्या धाकट्या भावाला, गुंडाभाऊंना, केबिनमध्ये बसवून सांगितलं की आता दिवसांचा प्रश्न आहे.

गुंडाभाऊ बाहेर आले आणि कामाला लागले. भावाला सांगितलं, कावीळ आहे. भावजयीला, मनुबाईंना सांगितलं, पोटात पाणी झालंय, काढलं की घरी. दावणगिरीच्या पुतण्याला कळवलं, किरकोळ आहे, तू दुकान बघ. माणूस वाईट नव्हता. रात्रंदिवस पायाशी बसायचा, भावाचे पाय चेपायचा. पण एका घरात तीन आजार त्यानं असे वाटून दिले होते, की कुणाशी बोलताना कुठला आजार धरायचा हे आम्हालाच आठवावं लागायचं.

राजवर्धनचा रोज संध्याकाळी फोन यायचा. नानासो कानाला लावायचे, विचारायचे, जेवला का, आणि लगेच बायकोकडं द्यायचे. मनुबाई मला म्हणाल्या, दोघं कायम असंच बोलतात, जे काय असतं ते माझ्या मार्फत.

नवव्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, मी नानासोंचं इंजेक्शन भरत होते. भाऊ चहाला गेलेला, मनुबाई खाली औषधं आणायला. नानासो म्हणाले, "बाई, तुमी खोटं बोलत न्हाई म्हनं."

मी म्हणाले, नाही बोलत.

"मग किती दिस?"

 मी सिरिंज बाजूला ठेवून सांगितलं, "दोन. लय तर तीन."

त्यांनी मान हलवली. उशी जरा वर घ्या म्हणाले. मी घेतली. मग म्हणाले, "राजूला बलवा. गुंडा न्हाई बलवायचा."

मी जिन्यात जाऊन माझ्या मोबाईलवरून फोन लावला. नर्सनं असं करायचं नसतं, हे डॉक्टरांचं काम. पण डॉक्टरांनी सांगितलं ते गुंडाभाऊंच्या पोटात जाऊन बसलं होतं. मी राजवर्धनला म्हणाले, वडिलांना बघायचं असेल तर लगेच निघा. तो म्हणाला, चुलते तर किरकोळ म्हणत होते. मी म्हणाले, चुलते खोटं बोलतायत. पलीकडं भट्टीचा पंखा चालल्यासारखा आवाज येत होता. मग तो सांगू लागला की दोघा गिऱ्हाइकांचं सोनं भट्टीत आहे, लोकांचं सोनं टाकून येता येत नाही, आज रात्रीत गाळून त्यांच्या हाती देतो आणि सकाळी नऊला गाडी काढतो. एकटाच येतो, कामगाराला दुकानावर ठेवावं लागेल.

मी म्हणाले, या. वाटेत काय लागलं तर हाच नंबर. तो म्हणाला, "सिस्टर, खरं सांगा मात्र." मी शब्द दिला.

मंगळवारी माझी सकाळची ड्युटी होती. आठला आत शिरले तेव्हाच नानासोंचा श्वास बदललेला होता. भराभर चार, मग एक लांब खंड, पुन्हा भराभर चार. हा श्वास ओळखायला पुस्तक लागत नाही. मी घड्याळ बघितलं आणि दावणगिरी ते सांगली असं डोक्यात मोजायला लागले. साडेतीनशे किलोमीटर. नऊला निघाला तर चार. रस्त्याचं काम चालू असेल तर साडेचार.

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. दुसऱ्या बेडचं ड्रेसिंग करताना कान फोनकडं. अकराला त्याचा फोन आला, हुबळीजवळ आलोय. मी धावत जाऊन नानासोंच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, आबा, राजू हुबळीला आला. त्यांच्या भुवया हलल्या. मनुबाईंनी बघितलं, मीही बघितलं. मग मला तो नादच लागला. आबा, धारवाड गेलं. आबा, आता बेळगाव येईल. साक्षी म्हणाली, ताई, तुम्ही बसच्या कंडक्टर झालाय. तिला मी चिडून बोलले, मग वाईट वाटलं.

मनुबाईंनाही एव्हाना सगळं कळलं होतं. आदल्या रात्री नानासोंनीच सांगून टाकलं होतं. त्या शांत होत्या. पदरानं नवऱ्याचं तोंड पुसत होत्या. शांत नव्हते ते गुंडाभाऊ आणि मी. ते माझ्याशी बोलत नव्हते, मी त्यांच्याकडं बघत नव्हते, आणि दोघंही त्या पलंगाभोवती फिरत होतो.

एकला बेळगाव ओलांडल्याचा फोन आला. मी कानाशी जाऊन सांगितलं. या वेळी भुवया हलल्या नाहीत. बोटं गार पडत चालली होती. मी पायावर दुसरं पांघरूण घातलं, ते काढलं, पुन्हा घातलं. प्राची सिस्टरांनी माझा हात धरून बाजूला केला. दोनला माझी ड्युटी संपली. त्यांनी घरी जा म्हटलं, मी गेले नाही.

दोन वीसला तो लांब खंड आला आणि संपलाच नाही.

डॉक्टरांनी येऊन ईसीजीची पट्टी काढली, सरळ रेघ दाखवली, वेळ लिहिली. मनुबाईंनी वाटीतलं पाणी चमच्यानं ओठांवर सोडलं, ते गालावरून खाली आलं. त्यांनी पदरानं पुसलं आणि भिंतीला टेकून बसल्या. नानासोंना कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. गुंडाभाऊ म्हणाले, आता गावाकडंच नेऊ, राजूला तिकडंच बोलवू. मनुबाई म्हणाल्या, राजू इथं येणार आहे, आम्ही थांबणार.

आणि माझा फोन वाजला.

स्क्रीनवर राजवर्धनचं नाव होतं. तिघंही माझ्याकडं बघायला लागले. गुंडाभाऊंनी पुढं होऊन हात जोडले. खरंच जोडले. "बाई, पाया पडतो. सिरीयस हाय म्हना. पोरगं एकलं गाडी चालवतंय. एवढं एकदा म्हना."

प्राची सिस्टर हळूच म्हणाल्या, "क्रांती, रस्त्यावरच्या माणसाला नाही सांगायचं. यायचं ते येऊ दे."

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजायला लागला.

आता माझं सांगते. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, इथंच. माझे वडील मानसिंग, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, फौजेतून हवालदार म्हणून आलेले, कोरेगावला शेती बघायचे. एका सकाळी चुलत्यांचा, हंबीरतात्यांचा फोन आला: दादाला जरा सिरीयस झालंय, तू नर्स आहेस, ये. तू नर्स आहेस, असं म्हणाले. मी एसटीत बसले. वाटेभर फोन करत होते, साताऱ्यात एका दवाखान्यात बेड मिळवला, कुठल्या तपासण्या करायच्या ते हाताच्या तळव्यावर पेननं लिहिलं. दादांना मनातल्या मनात दम देत होते, बिडी आता बंद म्हणजे बंद. शेजारच्या बाईला सांगत होते की काही नाही होणार, आमचा म्हातारा लोखंडाचा आहे. कोरेगावच्या स्टँडवरून चालत गल्लीत वळले तर दारात पुरुष बसलेले, आणि मला बघून बायकांनी गळा काढला. दादा पहाटेच गेले होते. तळव्यावर बेडचा नंबर होता. माझी सगळ्यांपुढं एवढी फजिती झाली होती, की मला रडूच येईना, रागच येत राहिला. तात्यांशी मी सहा वर्षं बोलले नाही.

म्हणून मी फोन उचलला.

"सिस्टर, संकेश्वर आलं. आबा कसं हायत?"

मी म्हणाले, "गाडी बाजूला घ्या."

"का?"

"आधी घ्या. थांबली की सांगा."

हॉर्न ऐकू आले. कुणीतरी शिवी दिली. मग इंजिन बंद पडलं आणि तो म्हणाला, घेतली.

"राजवर्धन, आबा गेले. दोन वीसला. तुमची आई जवळ होती, मी होते."

तो म्हणाला, "बरं."

एवढंच. एक ट्रक गेल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

गुंडाभाऊ माझ्यावर धावून आले नाहीत. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "एक गेला. दुसऱ्याला काय झालं, तर बाई, तुमच्या दारात आनून ठेवीन."

मी त्याला परत फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पाचव्यांदा कुणीतरी दुसऱ्याच माणसानं उचलला. चहाच्या गाड्याचा मालक होता. म्हणाला, फोन बाकड्यावर ठेवून साहेब नळावर तोंड धुवायला गेलेत, चहा दिला तर घेत नाहीत. मी त्याला सांगितलं, त्यांचे वडील वारलेत, त्यांना एकटं सोडू नका, जरा वेळ बसवून ठेवा. तो म्हणाला, बसवतो की. वीस मिनिटांनी पुन्हा लावला तर तोच म्हणाला, गेले हो, थांबा म्हटलं तरी गेले. फोन राहिलाय त्यांचा इथंच.

आता फोनही नाही.

संकेश्वर ते सांगली दोन तास. निपाणी, कागल, कोल्हापूर, जयसिंगपूर. मी ती नावं परत परत म्हणत होते, पण कानाशी जाऊन सांगायला कुणी नव्हतं. प्राची सिस्टरांनी नानासोंचं सगळं करून घेतलं, मला हात लावू दिला नाही.  साडेचार झाले. पावणेपाच. दवाखान्याच्या फाटकातून एक ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत आली आणि मी तीन मजले उतरून पळत गेले. कुणी म्हातारी होती, धाप लागलेली. मला इतकं हायसं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. वर आले. पाच वाजता दुसरी ॲम्ब्युलन्स आली. पुन्हा खाली गेले. मोटारसायकलवरून पडलेला एक जण होता, चेहऱ्यावर रक्त. मी वाकून तोंड बघितलं. मी राजवर्धनला कधी बघितलेलंच नव्हतं. स्ट्रेचरबरोबरच्या माणसाला विचारलं, गाव कुठलं? तो म्हणाला, तासगाव.

मनुबाईंनी मला जवळ बोलावून बसवलं. मला वाटलं, आता ही बाई बोलणार, आणि बोलू दे, माझी तयारी होती. त्यांनी फक्त विचारलं, "गाडी नीट चालवंल न्हवं?" मी चालवतील म्हणाले. तेवढंसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मनात मी त्याच्यासाठी दोन उत्तरं तयार करत होते. आभार मानले तर म्हणायचं, त्यात काय, माझं कामच आहे. शिव्या दिल्या तर म्हणायचं, तुम्हीच खरं मागितलं होतं. यापलीकडं तिसरं काही असेल असं डोक्यात आलंच नाही.

पाच चाळीसला तो जिना चढून वर आला. पस्तिशीचा, अंगानं बारीक, शर्टावर पाणी सांडलेलं. बोटांना ॲसिडचे जुने काळे डाग, सोनं गाळणाऱ्यांच्या असतात तसे. आईनं त्याला बघितलं आणि इतका वेळ अडवून धरलेलं सगळं एकदम आलं. त्यानं तिला धरलं. गुंडाभाऊ त्याच्या गळ्यात पडून लहान पोरासारखे रडले, त्यांनाही त्यानंच सावरलं. मग आत जाऊन वडिलांच्या पायावर डोकं ठेवलं आणि पाच मिनिटांत बाहेर आला. ॲम्ब्युलन्सचं काय, कागदांवर सही कुठं करायची, सगळं नीट विचारलं. मी भिंतीशी उभी होते. मला वाटलं, बघा. बघा तात्या, प्राची सिस्टर, सगळ्यांनी बघा. वाटेत रडून घेतलं म्हणून आता हा आईला धरू शकतोय.

गुंडाभाऊ कागद घेऊन खाली गेले, साक्षी मनुबाईंना तोंड धुवायला घेऊन गेली. तो माझ्याकडं आला.

"तुमी क्रांती सिस्टर न्हवं?"

मी हो म्हणाले.

"तुमी शब्द पाळला. त्याबद्दल माझं काय म्हननं न्हाई." तो हाताची बोटं एकमेकांवर घासत होता. "पन दावणगिरी सोडल्यापास्नं मी आबांशी बोलत येत हुतो. गाडीत एकलाच, मोठ्यानं. आल्यावर काय काय बोलायचं त्याची तयारी म्हना. आमचं कधी बोलनंच न्हाई झालं. दुकानाचं बोललो, लहानपनी मारलं हुतं त्याचं बोललो. भांडलो बी. लय बोललो. संकेश्वरापर्यंत निम्मं बी झालं न्हवतं."

त्यानं आतल्या खोलीकडं बघितलं.

"तुमचा फोन झाला आनि मग गप आलो."

माझ्याकडची दोन्ही उत्तरं कुठल्या कुठं गेली.  संकेश्वरपासून सांगलीपर्यंतचे दोन तास त्याचे होते, त्याला बाप होता, आणि ते मी घेतले होते. खरं बोलून घेतले होते. बारा वर्षं मी ज्या एसटीचा राग करत आले, त्या एसटीत मीही दादांना दम देत होते, आणि माझे दादा मला तीन तास जास्त पुरले होते. हे मला त्या क्षणापर्यंत कधी दिसलंच नव्हतं.

तो वळला. मी त्याच्या शर्टाची बाही धरली. असं मी कुणा नातेवाइकाला कधी केलेलं नाही.

मी म्हणाले, "आत जावा. राहिलेलं बोला. कान सगळ्यात शेवटी जातो, बऱ्याच तासांनी. त्यांना अजून ऐकू जातंय."

साडेतीन तास होऊन गेले होते. हातपाय ताठायला लागले होते. अकरा वर्षांच्या नोकरीत मी अशी थाप कुणाला मारली नव्हती, आणि मारताना माझा आवाज जराही हलला नाही.

त्यानं माझ्याकडं बघितलं. तो इतकं आयुष्य भट्टीपुढं काढलेला माणूस, खरं काय आणि हीण काय हे त्याला कळत नसेल असं नाही. पण तो आत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.  आतून खाकरल्याचा आवाज आला, आणि मग बोलणं सुरू झालं, आधी अडखळत, मग चढ्या आवाजात, भांडल्यासारखं.

गुंडाभाऊ जिना चढून आले. म्हणाले, ॲम्ब्युलन्स लागलीय, ड्रायव्हर घाई करतोय, गावाकडं माणसं खोळंबलीत. मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हणाले, जरा थांबा, त्यांचं अजून बोलणं चाललंय.